सोलापूर ते स्काय: काळ्या कातळाच्या कामाच्या नोंदी

१६ जून २०२४, सोलापूर

लग्नसराई संपली, अल्बमची कामं हातावेगळी झाली आणि स्कायचं नक्की केलं. स्कॉटलंडच्या वायव्य किनाऱ्याला लागून असलेलं हे बेट १९९५ पासून पुलाने मुख्य भूमीला जोडलेलं आहे, त्यामुळे बोटीच्या वेळापत्रकात अडकायला होत नाही. आइसलँडचाही विचार झाला होता. स्काय घेतलं ते दगडासाठी.

नळदुर्गचा किल्ला, बोरी नदीचं पात्र, सोलापूरच्या आसपासच्या दगडाच्या खाणी, असा आपल्याकडचा काळा कातळ मी बरीच वर्षं कॅमेऱ्यात टिपते आहे. आपलं पठार साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचं. स्कायचा उत्तरेकडचा ट्रॉटर्निश भागही लाव्ह्याचाच, साधारण ६ कोटी वर्षांपूर्वीचा. जात एकच, पण आपल्याकडे थरावर थर आडवे पडलेले आहेत, आणि तिथे लाव्ह्याच्या खाली जुने, कच्चे गाळाचे खडक आहेत. त्यांना वरचं ओझं पेललं नाही आणि डोंगराची अख्खी कड घसरली. त्यातून सुळके, भिंती आणि घळी तयार झाल्या. इथला कातळ आणि तिथला कातळ एकाच मापात छापून शेजारी शेजारी लावायचा, हे या प्रकल्पाचं काम.

महिना ऑक्टोबर. मे ते सप्टेंबर तिथे मिज नावाची चावरी चिलटं असतात, ट्रायपॉडपाशी स्वस्थ उभं राहू देत नाहीत. जूनमध्ये सूर्य साडेचारच्या आधी उगवतो आणि दुपारी चांगला वर चढतो. ऑक्टोबरच्या मध्यावर सूर्योदय आठच्या सुमाराला, आणि भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून २४ अंशांच्या आसपास. सोलापुरात त्याच दिवशी तो ६४ अंशांवर असतो. म्हणजे ढग हटले तर दिवसभर तिरका उजेड. आपल्याकडे असा उजेड सकाळ-संध्याकाळ मिळून तासभर मिळाला तरी पुष्कळ.

२१ जुलै, सोलापूर

तिथे वारा आणि पाऊस एकत्र असतो, म्हणून सगळं सामान गच्चीवर तपासलं.

वाऱ्यासाठी घरातला कूलर वर नेला. मोकळा पंखा पूर्ण जोरात ट्रायपॉडवर सोडला, २०० मिलिमीटरच्या लेन्सने समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवरची अक्षरं धरली आणि एका सेकंदाचं एक्स्पोजर दिलं. अक्षरं दुहेरी आली. मधला दांडा पूर्ण खाली केला तेव्हा बरीच सुधारणा झाली. कॅमेऱ्याचा पट्टा काढला तेव्हा आणखी झाली. तो फडफडत होता आणि प्रत्येक फडफड कॅमेऱ्यात उतरत होती. बॅग हुकाला लटकवली की ती स्वतःच झुलते. तिचं बूड जमिनीला टेकलं तरच उपयोग. एवढं करूनही एक सेकंद स्थिर येईना. तेव्हा ठरवलं की वाऱ्यात लांब एक्स्पोजरचा नादच सोडायचा. आयएसओ, म्हणजे उजेड पकडायची क्षमता, ८०० करायचा, शटर १/२५० सेकंदापेक्षा हळू होऊ द्यायचं नाही. थोडे दाणे परवडतात, हललेला दगड परवडत नाही.

पावसासाठी बागेचा पाइप. कॅमेऱ्याचं रेनकव्हर आयपीसच्या शिवणीतून गळलं, आणि लेन्स वर केली की पाणी नळीवरून मागे माउंटकडे, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला बसते तिथे, वाहत आलं. शिवणीला आतून टेप लावली, माउंटपाशी रुंद रबरबँड. वाट बघताना सगळ्यावर प्लास्टिकची शॉवर कॅप, फोटो घेतेवेळीच ती काढायची. हे वीस रुपयांत झालं आणि टिकलं.

पुसायला चाटी गल्लीतून टेरीचे छोटे नॅपकीन आणले. नवा नॅपकीन पाणी ओढतच नाही, काचेवर नुसता फिरतो. गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवले, परत धुतले, मग धागा मोकळा झाला आणि पाणी ओढू लागला. क्रम असा ठेवला: कॅमेऱ्याचं अंग आणि फिल्टरची कड नॅपकिनने, काच फक्त मायक्रोफायबरने. ओल्या मायक्रोफायबरने काच पुसली तर तेलकट पट्टे उरतात.

११ ऑगस्ट, नळदुर्ग

भुरभूर पावसात सराव. कोरडा कातळ आणि ओला कातळ हे कॅमेऱ्याच्या दृष्टीने दोन वेगळे विषय आहेत. ओल्या कातळावर ढगांची पांढरी झाक बसते, दगडाचा पोत तिच्याखाली जातो. पोलरायझर, म्हणजे चमक कापणारा फिल्टर, फिरवला की झाक निघते. पूर्ण फिरवला तर सगळीच निघते आणि दगड डांबराच्या गोळ्यासारखा निर्जीव दिसतो. अर्ध्यावर थांबवला तेव्हा कडेकडेला थोडी चमक राहिली आणि मधला पोतही दिसला.

दुसरं, फ्रेमभर काळा दगड असला की कॅमेरा त्याला करडा करायला बघतो आणि आकाश जळतं, म्हणजे नुसतं पांढरं होतं. एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप खाली (एक स्टॉप म्हणजे निम्मा उजेड), हिस्टोग्रामचं, म्हणजे उजेडाच्या आलेखाचं, उजवं टोक सांभाळायचं आणि सावल्या कच्च्या (रॉ) फाइलमधून वर काढायच्या. पाणी महालाच्या भिंतीपाशी, शेवाळलेल्या चिऱ्यांवर हे पुन्हा पुन्हा करून बघितलं, हाताला सवय होईपर्यंत. बोटं गारठल्यावर मेनू शोधत बसायला जमत नाही.

२९ ऑगस्ट, पुणे

व्हिसाचं काम. हुतात्मा एक्स्प्रेसने सकाळी निघून बोटांचे ठसे देऊन त्याच दिवशी परत. सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसाची फी तेव्हा, २०२४ मध्ये, माणशी ११५ पौंड होती. स्वतःचा व्यवसाय असलेल्यांनी आयकर विवरणपत्रं, जीएसटी नोंदणी आणि बँकेचा सहा महिन्यांचा उतारा एकमेकांशी जुळतो ना, ते आधी बघावं. माझ्याकडे सीझनचे पैसे एकदम जमा होतात, म्हणून कोणती रक्कम कोणत्या कामाची, याचं एक साधं पान जोडलं.

तिकिटात वेळ आणि पैसा दोन्ही गेले. एजंटने मुंबई–लंडन एका विमानतळावर उतरवलं आणि स्कॉटलंडमधल्या इन्व्हरनेसचं पुढचं विमान लंडनच्याच दुसऱ्या विमानतळावरून धरलं, मध्ये तीन तास. सामान घेऊन शहर ओलांडणं त्यात बसत नाही. बदलायला नऊ हजारांच्या आसपास लागले. तिकीट हातात आलं की वेळ बघण्याआधी विमानतळाचं नाव वाचा.

१२ ऑक्टोबर, सोलापूर

दसऱ्याची पूजा उरकून रात्रीच्या सिद्धेश्वरने मुंबई. बरोबर दादा, गाडी तो चालवणार. लिथियम बॅटऱ्या आणि लेन्स हातातल्या बॅगेत, ट्रायपॉड मोठ्या बॅगेत सोलापुरी चादरीत गुंडाळून.

आईने कडक भाकऱ्या आणि शेंगा चटणीचा डबा भरून दिला. "तिकडं डोंगरात पहाटे कोण देणार तुम्हाला खायला?" हा तिचा प्रश्न अगदी बरोबर निघाला. मांस आणि दुधाचे पदार्थ तिकडे नेता येत नाहीत, म्हणून तुपातलं काही घेतलं नाही.

१४ ऑक्टोबर, पोर्ट्री

इन्व्हरनेसला भाड्याच्या गाडीच्या काउंटरवर सकाळ गेली. अनामत रकमेसाठी क्रेडिट कार्ड चालकाच्याच नावाचं लागतं. गाडी दादाच्या नावावर आणि कार्ड माझं. शेवटी मुख्य चालक म्हणून माझं नाव घातलं, दादा जादा चालक, त्याचे रोजचे वेगळे पैसे. आपला परवाना तिथे वर्षभर चालतो आणि गाडी डावीकडूनच चालवायची असते, तेवढा त्रास नाही.

लॉख नेसच्या काठाने बेटावर, पोर्ट्री गावात आलो. मोठा रस्ता सोडला की एकेरी रस्ते, ठरावीक अंतरावर बाजूला द्यायची जागा. समोरून कोणी आलं की ज्याला ती जागा जवळ तो थांबतो, दुसरा हात वर करून जातो. त्या जागेत गाडी लावून फोटो काढायचा नसतो. मला पहिल्या दहा किलोमीटरमध्ये चार ठिकाणी उतरावंसं वाटलं. दादा म्हणाला, "थांब की, गाडी लावायला जागा येऊ दे." तो आपल्या म्हणण्यावर ठाम राहिला ते बरं झालं. मागे दुधाचा टँकर होता.

१५ ऑक्टोबर, स्टॉर

ओल्ड मॅन ऑफ स्टॉर, साधारण पन्नास मीटर उंचीचा सुळका, मागे ७१९ मीटरची स्टॉरची भिंत. तोंड पूर्वेला, म्हणून सकाळची जागा. सहाला गाडीतळ सोडला, डोक्याला दिवे. खडी आणि पायऱ्यांची वाट चांगली आहे, पण शेवटची चढण निसरडी.

सगळीकडे छापलेली जी फ्रेम आहे ती सुळक्याच्या उत्तरेकडच्या टेकाडावरून, तोंड दक्षिणेकडे करून घेतात. इथला पाऊस बहुतेक वेळा नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर येतो. म्हणजे त्या टेकाडावर उभं राहिलं की पाऊस सरळ लेन्सच्या तोंडात. काच पुसून शटर दाबेपर्यंत परत थेंब. छत्रीच्या काड्या उलट्या झाल्या. दादाने रेनकोट दोन्ही हातांनी ताणून आडोसा केला, तो कॅमेऱ्यावर आपटू लागला. पोतडीभर नॅपकीन ओले झाले आणि एकही फाइल निकोप आली नाही.

खाली उतरताना वाटेच्या दक्षिण बाजूला, वाऱ्याकडे पाठ करून उभी राहिले. लेन्स कोरडी राहिली. सुळका ढगात होता, पण पायथ्याचे ढिगारे, ओलं गवत आणि तांबूस नेचे दिसत होते. चित्र म्हणून ते उभं राहिलं नाही. काम करण्याची पद्धत मात्र मिळाली. इथे ठिकाणाच्या आधी वाऱ्याची दिशा बघायची आणि ज्या दिशेला पाठ करता येईल, तीच त्या दिवसाची जागा.

१६ ऑक्टोबर, क्विरॅंग आणि पोर्ट्री

ट्रॉटर्निशमधलीच क्विरॅंगची उतरण अजूनही सरकते आहे. जवळच फ्लॉडिगॅरीपाशी रस्ता त्यामुळे सारखा दुरुस्त करावा लागतो. माथ्यावरून खाली बघितलं की घसरलेल्या कड्यांच्या रांगा एकीमागे एक दिसतात. रुंद लेन्स लावली तर सगळं लहान होऊन पसरतं. ७०-२००, म्हणजे दूरचं जवळ आणणारी लेन्स, लावली तेव्हा त्या रांगा एकमेकींवर आल्या आणि घसरणीचा जोर दिसू लागला. ढगांच्या भेगेतून उजेडाचा पट्टा दक्षिणेकडून सरकत आला. तो पुढे कुठल्या टेकाडावर येणार हे आधीच धरून फोकस लावून ठेवला, आणि तो आल्यावर फक्त बटण दाबलं. पट्टा तिथे मिनिटभरही टिकला नाही. या प्रकल्पातली पहिली खरी फ्रेम.

संध्याकाळी कोजागरी. पौर्णिमेचा क्षण उद्याचा, आणि हे फोटोसाठी सोयीचं असतं: आदल्या संध्याकाळी चंद्र सूर्यास्ताच्या सुमारासच उगवतो, जमिनीवर अजून उजेड असतो, त्यामुळे चंद्र आणि डोंगर एकाच एक्स्पोजरमध्ये बसतात. त्यानंतर जमीन काळी होत जाते आणि चंद्र जळतो. सोलापुरात हा वेळ फार थोडा. इथे सूर्य तिरका बुडतो, संधिप्रकाश आपल्या दीडपट तरी रेंगाळतो. रासे बेटावरून चंद्र वर आला तेव्हा पाण्यावर ढगांची पातळ पट्टी होती, ती मी फ्रेममध्ये मुद्दाम ठेवली. रात्री मुक्कामाच्या स्वयंपाकघरात दूध आटवलं, केशर घरून आणलं होतं.

१८ ऑक्टोबर, एल्गोल

इथून खाडीपलीकडे कुलिनची रांग दिसते, तिचं सर्वात उंच शिखर स्गुर अलास्डर, ९९२ मीटर. तो दगड गॅब्रो, जमिनीखाली सावकाश थिजलेला. त्यात चुंबकीय खनिज एवढं आहे की होकायंत्रावर भरवसा ठेवत नाहीत. किनाऱ्यावरचा कडा मात्र वालुकाश्माचा, मधाच्या पोळ्यासारखी भोकं पडलेला.

बेत होता संध्याकाळी पाण्याकाठचे गोल धोंडे पुढे घेऊन मागे कुलिन धरायचा. पण पौर्णिमेचं उधाण, आणि भरती नेमकी सूर्यास्तानंतर थोड्याच वेळात भरायची. उजेड चांगला होत गेला तसे धोंडे एकेक करून पाण्याखाली गेले. ट्रायपॉडचे पाय वाळूत रुतले, लाट आली की एक पाय खचायचा. मागे सरकत सरकत पायवाटेपर्यंत आले. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास या किनाऱ्यावर संध्याकाळी पाणी भरलेलं असतं, आणि ओहोटी दुपारी. धोंडे हवे असतील तर तिथी मधली घ्या, अष्टमीच्या जवळची. कोकणात मासेमारी करणाऱ्याला हे कोणी सांगावं लागत नाही. आम्ही पठारावरचे, आम्हाला भरतीचं कोष्टक उघडून बसावं लागतं.

२० ऑक्टोबर, पोर्ट्री

ॲशली वादळ. बेटांच्या बोटी रद्द, आम्ही आत. दिवस सामानाला दिला.

ट्रायपॉडच्या पायांचे सांधे खोलले. आत खारी वाळू आणि पाणी मिसळून लेप झाला होता, फिरवताना कर्र आवाज येत होता. गोड्या पाण्याने धुऊन, टेरीने पुसून, रात्रभर उघडे ठेवले. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे, दर दोन तासांनी बदलायचे. हीटरवर ठेवले तर तळ सुटतो. गार कॅमेरा उबदार खोलीत आणला की आत-बाहेर दव धरतं, म्हणून दाराबाहेरच झिपच्या पिशवीत घालून आणायचा आणि खोलीइतका गरम झाल्याशिवाय पिशवी उघडायची नाही. कार्डं त्याआधी काढून घ्यायची, म्हणजे दोन डिस्कवर नक्कल करायचं काम अडत नाही.

संध्याकाळी सगळ्या फाइल एकत्र बघितल्या. जिथे अर्धा दिवस थांबलो तिथलंच काहीतरी उभं राहिलं आहे. जिथे उतरलो, काढलं, निघालो, तिथलं सगळं सपाट. त्यामुळे यादीतली नीस्ट पॉइंट, टॅलिस्कर आणि फेअरी पूल्स ही नावं कापली. नीस्ट पॉइंटचं १९०९ चं दीपगृह सोडताना जड वाटलं, पण आपलं काम दगडाचं आहे आणि तो दगड स्टॉरवर आहे. उरलेल्या सगळ्या सकाळी स्टॉर.

२२ ऑक्टोबर, स्टॉर

वादळ सरकल्यावर वारा पश्चिमेकडून येऊ लागला. मागची भिंत आडवी आल्याने टेकाडाच्या पूर्व उतारावर आडोसा मिळाला आणि लेन्स दक्षिणेकडे करूनही कोरडी राहिली. सरी येत-जात होत्या. पाण्याने धुतलेली हवा, पलीकडच्या रासेवरची झुडपंसुद्धा वेगळी दिसत होती.

सूर्य ढगांच्या पट्टीखालून आला तेव्हा सुळक्याची पूर्वेकडची बाजू उजळली. जवळून बघितलं तर तो काळा नाहीच. थरांच्या सांध्यांतून गंजासारखा तांबडा, वर राखाडी दगडफूल, ओलाव्यामुळे खाली जांभळट. आपल्याकडे नळदुर्गच्या बुरुजाला घासलेल्या जागी असाच तांबूसपणा दिसतो, लोहाचा अंश दोन्हीकडे आहे. पोलरायझर अर्ध्यावर, एफ/८, १/२००, आयएसओ ६४०, एक स्टॉप खाली. आकाशासाठी वेगळं एक्स्पोजर घेतलं होतं, पुढे लागलं नाही. हात बधिर होते, पण बटणं बरोबर सापडली. दादा खाली बसून भाकरी कुस्करून चटणीबरोबर खात होता; मला त्याने अर्धी ठेवली.

१७ नोव्हेंबर, सोलापूर

दिवाळी आटोपून छपाई. दोघांचा एकूण खर्च चार लाखांच्या जवळ गेला: विमान सर्वात मोठं, मग राहणं, मग गाडी. पहाटेचं आणि दुपारचं खाणं घरचं असल्याने तिथे बराच वाचला.

पहिल्या प्रती लग्नाचे अल्बम छापून घेतो तिथेच टाकल्या. अंधाऱ्या आल्या. सुळक्याची सावलीतली बाजू सलग काळी, आणि जिथे पोत दिसतो तिथे दगड राखाडी. काळं होण्याचं कारण माझा स्क्रीन: स्टुडिओत तो पूर्ण उजळ ठेवलेला असतो, त्यावर सावल्या मोकळ्या दिसतात. त्याचा उजेड ११० कँडेलाच्या (स्क्रीनच्या उजेडाचं माप) आसपास उतरवला आणि फाइल परत केली. राखाडी होण्याचं कारण यंत्राची आपोआप होणारी दुरुस्ती. चेहऱ्यांसाठी ती ठीक, पण फ्रेमभर काळा दगड दिसला की ती त्याला उजळायला जाते. ती बंद करायला सांगितली. चकचकीत कागदाऐवजी सुती मॅट घेतला, आणि पूर्ण प्रत काढण्याआधी प्रत्येक फाइलची हातभर पट्टी. पट्टी ट्यूबलाइटखाली बघू नका, सकाळी दहाच्या सुमाराला उत्तरेच्या खिडकीपाशी बघा. सांध्यांतला तांबडा तिसऱ्या पट्टीवर परत आला.

मग दोन्ही कातळ शेजारी लावले. स्टॉर टिकतो, नळदुर्ग मागे पडतो. दगड कमी नाही, उजेड कमी आहे: ती फ्रेम मार्चच्या कोरड्या उन्हातली, सावल्या कापल्यासारख्या, आणि धुळीने रंग पिवळा पडलेला. रंगतापमान बदलून बघितलं, सावल्या वर काढून बघितल्या. कोरडा दगड ओला होत नाही. आता ती फ्रेम पावसाळ्यात, ढगाळ सकाळी, बुरुजाच्या पूर्वेकडून आणि त्याच ७०-२०० ने परत घ्यायची आहे. तोवर स्टॉरची मोठी प्रत काढत नाही, दोन्हींचा कागद एकाच गठ्ठ्यातला हवा.